साधी बॉक्सटर की बॉक्सटर एस? सेकंडहँड घेणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

सेकंडहँड पोर्शे बॉक्सटर बघायला लागलं की पहिल्या आठवड्यातच माणूस 'एस' या एका अक्षरापाशी येऊन अडकतो. त्यावरचे जे प्रश्न सारखे येतात ते इथे एका जागी टाकलेत, सोपे आधी, किचकट नंतर. केमन (बॉक्सटरचीच बंद छपराची बहीण) बघणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, बरंचसं तसंच्या तसं लागू होतं.

१. साधी आणि एस यात नक्की फरक काय? फक्त इंजिन मोठं की अजून काही?

इंजिन मोठं हे मुख्य, पण तेवढंच नाही. १९९६ मध्ये पहिली बॉक्सटर आली (तिला ९८६ म्हणतात) तेव्हा एस नव्हतीच, एकच २.५ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं, २०४ हॉर्सपॉवरचं. २००० च्या मॉडेलपासून दोन फाटे फुटले: साधीला २.७ लिटर आणि २२० हॉर्सपॉवर, एसला ३.२ लिटर आणि २५२. एसला सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, साधीला पाच गिअरचा. एसच्या पुढच्या ब्रेक डिस्क ३१८ मिलिमीटरच्या आणि भोकं पाडलेल्या, साधीच्या २९८ च्या. एसचे कॅलिपर (ब्रेक डिस्क दाबून धरणारा भाग) लाल, मागे सायलेन्सरच्या दोन नळ्या, चाकं १७ इंची. साधीला कंपनीकडून १६ इंची यायची, पण पहिल्या मालकांनी बहुतेक वेळा मोठी घेतलेली असतात म्हणून चाकांवरून काहीच ठरवू नका. वजनात एस साधारण ३५ किलो जड.

बाकी बॉडी, सीट, छप्पर, पुढची-मागची अशा दोन्ही डिक्या सगळं तेच.

२. कुठल्या वर्षाच्या गाडीत कुठलं इंजिन हे एकदा नीट सांगा ना, सगळीकडे वेगवेगळं वाचायला मिळतं

गोंधळ होतो कारण पोर्शेने दर दोन-तीन वर्षांनी आकडे हलवलेत. आकडे मॉडेल इयरचे आहेत, रजिस्ट्रेशनचं वर्ष एखाद्याने मागेपुढे होऊ शकतं.

२००३ मध्ये ९८६ चा फेसलिफ्ट आला, साधी २२८ वर गेली आणि एस २६० वर, आणि मागची प्लास्टिकची काच जाऊन खरी काच आली (हा बदल आकड्यांपेक्षा जास्त उपयोगाचा आहे, जुनी प्लास्टिकची काच पिवळी पडून घडीवर चिरते). २००५ ला पुढची पिढी, ९८७, आली: साधी २.७ च पण २४०, एस ३.२ आणि २८०. २००७ ला साधी २४५, एसला ३.४ लिटर आणि २९५. २००९ ला इंजिनंच पूर्ण नवीन, साधी २.९ लिटर २५५, एस ३.४ लिटर ३१०, आणि जुना टिपट्रॉनिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जाऊन सात गिअरचा पीडीके (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) आला. २००९ ही रेघ लक्षात ठेवा, पुढच्या अर्ध्या उत्तरांत ती येणार आहे.

३. चालवताना फरक खरंच जाणवतो का? कागदावर तर जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद दिसतो

०-१०० ला ९८६ मध्ये २.७ ला ६.६ सेकंद, एसला ५.९. पण रस्त्यावर जाणवतो तो हा फरक नाही. जाणवतो तो मधल्या आरपीएममधला पिकअप. २.७ ला २६० न्यूटन मीटर टॉर्क, ३.२ ला ३०५, आणि साधीला गिअर पाचच असल्याने दोन गिअरमधलं अंतर लांब, त्यामुळे तिसऱ्यात असताना पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करायचं म्हटलं की एसमध्ये नुसता पाय दाबला तरी चालतं, साधीत दुसरा टाकावा लागतो आणि मग इंजिन पाच हजारांच्या वर गेलं की गाडी जी काय निघते ती निघते. काहींना हेच आवडतं. इंजिन पिळून काढायची मजा २.७ मध्ये जास्त येते असं माझंही मत आहे, कारण एसमध्ये ते करायला जाल तोवर लायसन्स धोक्यात आलेलं असतं. २.५ वाली मात्र आजच्या हिशेबात मवाळ वाटते, ती घेणार असाल तर आधी तासभर चालवून बघा.

वळणांवर दोघींत फरक शोधणं अवघड आहे. तिथे टायर आणि सस्पेन्शनचे बुश किती जुने आहेत यानेच जास्त फरक पडतो.

४. आयएमएस बेअरिंगची भीती सगळे घालतात. एसमध्ये ती जास्त असते का?

नाही. ही भानगड दोघींत सारखीच आहे, एस आहे की साधी याच्याशी काही संबंध नाही, वर्षाशी आहे.

आयएमएस म्हणजे इंटरमीडिएट शाफ्ट. क्रँककडून फिरणं घेऊन साखळ्यांमार्फत ते कॅमशाफ्टपर्यंत पोचवायचं हे त्याचं काम. त्याच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाला एक सीलबंद बॉल बेअरिंग आहे. ते बेअरिंग गेलं की शाफ्ट डगमगतो, टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपतं. सुरुवातीच्या गाड्यांत दोन रांगांचं बेअरिंग होतं, ते बऱ्यापैकी दणकट. साधारण २००० पासून २००५ पर्यंत एकाच रांगेचं बसवलं, बदनामी मुख्यतः याचीच. २००६ ते २००८ मध्ये बेअरिंग मोठं केलं, ते क्वचित जातं, पण बदलायचं म्हटलं तर अख्खं इंजिन उघडावं लागतं. २००५ च्या गाड्यांत दोन्ही प्रकार सापडतात, तिथे इंजिन नंबरवरून खात्री करावी लागते. २००९ पासून हे बेअरिंगच नाही.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच की २००५ पर्यंतची गाडी घेताना बेअरिंग बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर क्लचच्या कामासोबत ते करून घ्यायचं, कारण दोन्हीसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो, मजुरी एकदाच पडते. विकणारा "बदललंय बहुतेक" म्हणाला तर बदललेलं नाही असं धरून चाला.

५. आणि ते सिलिंडरला ओरखडे पडतात ते प्रकरण काय? ते तरी दोघींत सारखंच आहे का?

हे सारखं नाही, आणि साधीच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा माझ्या मते हाच आहे.

या इंजिनांत सिलिंडरची भिंत सिलिकॉन मिसळलेल्या अॅल्युमिनियमची असते आणि पिस्टनच्या बाजूवर कोटिंग असतं. ते कोटिंग झिजलं की पिस्टन भिंतीवर घासतो, उभे ओरखडे पडतात, ऑइल जळायला लागतं, टकटक आवाज येतो. २.७ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८५.५ मिलिमीटर, ३.२ चा ९३ आणि २००७-०८ च्या ३.४ चा ९६. स्ट्रोक (पिस्टन सिलिंडरमध्ये सरकतो ते अंतर) तिन्हीचा ७८ च. म्हणजे पोर्शेने इंजिन मोठं केलं ते फक्त सिलिंडर रुंद करून, आणि जितका बोअर रुंद तितकी ही तक्रार जास्त ऐकू येते. २.५ आणि २.७ मध्ये फार कमी, ३.२ मध्ये अधूनमधून, आणि जुन्या ३.४ मध्ये सगळ्यात जास्त.

ओळखायचं कसं? पोर्शेच्याच ९११ मध्ये डाव्या-उजव्या नळीतली काजळी ताडून बघता येते, बॉक्सटरमध्ये दोन्ही बाजूंचा धूर मधूनच बाहेर पडतो त्यामुळे ती युक्ती चालत नाही. बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून बघणं हाच उपाय. फक्त प्लगच्या भोकातून बघून "क्लीन आहे" म्हणणाऱ्यावर विसंबू नका, ओरखडे बरेचदा खालच्या भागात असतात, ते ऑइल सम्प (इंजिनाखाली ऑइल साठतं ती परात) उघडून खालून स्कोप घातला तर नीट दिसतात. ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या उजेडात धरून बघणं हे स्वस्तातलं काम, चकाकणारे बारीक कण दिसले तर तिथूनच परत फिरा.

६. मग सरळ सांगा, कुठली घेऊ?

९८६ मध्ये, म्हणजे २००४ पर्यंत, दोन गाड्या सारख्याच स्थितीत असतील तर एस. २००५-०६ मध्ये जी जास्त नीट ठेवलेली आहे ती. २००७-०८ मध्ये साधी २.७, एस घ्यायचीच असेल तर बोअरस्कोप झाल्याशिवाय टोकनसुद्धा द्यायचं नाही. २००९ नंतर खिशाला झेपेल ती, बिनधास्त.

पण "सारख्याच स्थितीत" हे शब्द पुन्हा वाचा. सेकंडहँडमध्ये दोन गाड्या सारख्या स्थितीत जवळपास कधीच मिळत नाहीत. आधी वर्ष, मग त्या एका गाडीचे कागद, आणि तिसऱ्या नंबरला एस की साधी, या क्रमाने बघितलं तर निर्णय आपोआप होतो. लोक उलटं करतात, आधी एस ठरवतात आणि मग बजेटात बसेल ती कुठलीही एस उचलतात, म्हणजे हमखास त्या वर्षातली सगळ्यात दमलेली गाडी.

७. एसचा मेंटेनन्स किती महाग पडतो?

वाटतं त्यापेक्षा फरक कमी आहे. दोन्हीत प्लग सहाच, ऑइल आठ-साडेआठ लिटरच्या आसपास, पाण्याचा पंप, बेल्ट, कॉइल सगळी कामं सारखीच आणि मजुरीही तीच. फरक पडतो ब्रेक डिस्कला, थोडा टायरला, थोडा पेट्रोलला. खरा खर्च येतो तो "पोर्शे आहे" याचा, "एस आहे" याचा नाही. साधी घेतली म्हणून स्वस्तात सांभाळता येईल असं गणित करून कोणी घेत असेल तर दोन्ही घेऊ नका असंच सांगेन.

८. जाहिरातीत 'बॉक्सटर टिपट्रॉनिक एस' लिहिलंय आणि भाव साधीचा आहे. लॉटरी लागली का?

नाही लागली. टिपट्रॉनिक एस हे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नाव आहे, त्यातल्या 'एस'चा बॉक्सटर एसशी संबंध नाही. साध्या बॉक्सटरला टिपट्रॉनिक एस असू शकतो, आणि बॉक्सटर एसलाही. काही विकणारे खरंच गोंधळलेले असतात, काही सोयीस्कर गोंधळलेले असतात. गाडी कुठली ते कसं ताडायचं ते प्रश्न ९ मध्ये आहे.

जाता जाता, जुना टिपट्रॉनिक हा टॉर्क कन्व्हर्टरवाला पाच गिअरचा बॉक्स आहे, मॅन्युअलपेक्षा ०-१०० ला अर्ध्या सेकंदाहून जास्त मागे पडतो. ऑटोमॅटिकच हवी असेल तर ९८६ मध्ये एस घेण्याला खरंच अर्थ आहे कारण २.७ त्याच्यासोबत सुस्त वाटते. पीडीकेवाल्या गाड्यांना हे लागू नाही.

९. मागे एसचा बिल्ला आहे पण शंका येतेय. खरी एस कशी ओळखायची?

बिल्ला, लाल कॅलिपर, दोन नळ्या, सगळं बाहेरून बसवता येतं. कॅलिपर तर रंगवलेलेही असतात, आत डिस्ककडे बघा, ९८६ मध्ये भोकं नसलेली डिस्क आणि लाल कॅलिपर दिसले की विचारा. मॅन्युअल असेल तर गिअरच्या दांड्यावर सहा आकडे हवेत, आणि नुसता दांड्याचा गोळा बघू नका, सहावा खरंच पडतो का तेही बघा.

सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे पुढच्या डिकीच्या झाकणाला आतून चिकटवलेला स्टिकर. त्यावर चासी नंबर, ऑप्शनचे कोड आणि इंजिन-गिअरबॉक्सचे कोड असतात, तोच स्टिकर सर्व्हिस बुकातही असतो. ९८६ मध्ये एम९६.२१ किंवा एम९६.२४ असेल तर ३.२ म्हणजे एस, एम९६.२२ किंवा एम९६.२३ असेल तर २.७. झाकणावरचा आणि बुकातला जुळत नसेल किंवा झाकणावरचा गायबच असेल तर पुढून ठोकलेली असण्याची शक्यता धरा, झाकण बदललं की स्टिकर जातो.

१०. तेवढ्याच पैशात २००४ ची एस मिळतेय आणि २००६ ची साधी ९८७ पण. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि ताकदीवरून सुटत नाही, २६० विरुद्ध २४० म्हणजे रस्त्यावर फार काही नाही. ९८७ आतून बरीच सुधारलेली आहे, प्लास्टिक, सीट, डॅशबोर्ड सगळंच, बॉडीही जास्त घट्ट. बेअरिंग मोठंवालं, वर म्हटलं तसं. आणि २.७ म्हणजे ओरखड्यांची चिंता कमी. माझं मत ९८७ साधी. अपवाद एकच, त्या २००४ च्या एसला बेअरिंग-क्लचचं ताजं बिल असेल, कागद पहिल्या दिवसापासूनचे असतील आणि तुम्हाला ९८६ चा चेहरा मनापासून आवडत असेल.

११. एस आहे, वीस वर्षांत अगदीच कमी चाललीय. उडी मारू का?

थांबा. या गाड्या उभ्या राहून जास्त बिघडतात. सील सुकतात, टायर दिसायला नवे पण वयाने संपलेले असतात, कूलंटच्या टाकीला मागच्या डिकीत तडा गेलेला असतो (कार्पेट उचलून हात लावून बघा, ओल आणि गोडसर वास आला तर तेच). पुढच्या बंपरच्या जाळीत टॉर्च मारा, रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर यांच्यामध्ये पानांचा कचरा साचून दोन्ही कुजतात. छपराचं पाणी जायच्या नळ्या तुंबल्या की पाणी सीटखाली येतं आणि ९८६ मध्ये सेंट्रल लॉकिंग-अलार्मचा कंट्रोल युनिट नेमका तिथेच आहे. नियमित चाललेली, वेळेवर ऑइल बदललेली साधी यापेक्षा कधीही बरी.

थंड इंजिन स्वतःसमोर चालू करून घ्या. क्षणभर थोडा धूर येणं या आडव्या सिलिंडरच्या इंजिनांत चालतं. पांढऱ्या धुराचा लोटच आला आणि थांबेना तर एअर-ऑइल सेपरेटर (इंजिनातल्या हवेतून ऑइल वेगळं करणारा भाग) गेलेला असतो. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण खूप ओढून धरल्यासारखं निघत नसेल तर तीच खूण.

१२. आधीच्या मालकाने गाडी पिळलीय का हे कळतं का? एसवाले तर जोरातच चालवत असणार

बऱ्यापैकी कळतं. इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये आरपीएमची मर्यादा ओलांडल्याची नोंद राहते, पोर्शेचं डायग्नोस्टिक मशीन लावलं की किती वेळा आणि इंजिनाच्या कितव्या तासाला ते दिसतं. २००८ पर्यंतच्या गाड्यांत दोन पातळ्या असतात. पहिली म्हणजे लिमिटरला (आरपीएम मर्यादेवर अडवणाऱ्या यंत्रणेला) टेकवणं, त्याने घाबरू नका. दुसरी म्हणजे चुकून खालचा गिअर पडून इंजिन मर्यादेच्या वर ओढलं गेलं, ती अलीकडच्या तासांत असेल तर दुसरी गाडी बघा. आणि नाही, एसवालेच जोरात चालवतात असं काही नाही. साधीला जाण्यासाठी आरपीएम जास्त लागतात, त्यामुळे उलटंही होतं.

१३. साधी घेऊन ट्यूनिंग करून एसएवढी करता येईल ना?

२०१५ पर्यंतच्या गाड्यांत नाही. टर्बो नाही त्यामुळे चिप, एअर फिल्टर, सायलेन्सर यातून आवाज भरपूर मिळतो, ताकद चिमूटभर. तेवढ्या पैशात साधी विकून एस येते. टर्बोवाल्या ७१८ मध्ये (२०१६ ला आलेली पिढी) रिमॅपने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, खरोखर वाढते, पण वॉरंटी आणि इन्शुरन्सवाल्यांना काय सांगणार ते आधी ठरवा.

१४. माझी पहिलीच मागून ओढणारी स्पोर्ट्स कार आहे. एस झेपेल का?

ताकद झेपेल. बघायचंय ते वेगळंच, गाडीला पीएसएम म्हणजे घसरण सावरणारी यंत्रणा आहे का. ९८६ मध्ये ती ऑप्शन होती, पुष्कळ गाड्यांत नाही, डॅशबोर्डवर तिचं बटण शोधा. ९८७ पासून सगळ्यांना आहे. इंजिन मध्यभागी असल्याने गाडी पकड धरून धरून राहते आणि सुटली की पटकन फिरते, ओल्या वळणात घाबरून पेट्रोलवरचा पाय एकदम काढला की खास. पीएसएमवाली साधी विरुद्ध पीएसएम नसलेली एस असेल तर पहिल्या गाडीसाठी पीएसएमवाली.

१५. २०१२ नंतरच्या गाड्यांना पण हेच सगळं लागू का?

आयएमएस आणि ओरखड्यांचं बरंचसं नाही. ९८१ (२०१२ ला आलेली पिढी) मध्ये साधी २.७ लिटर २६५ आणि एस ३.४ लिटर ३१५, दोन्ही सहा सिलिंडर, दोन्ही छान, इथे निवड खरंच ताकद आणि पैशाची आहे. २०१६ ला ७१८ आली आणि सहाचे चार सिलिंडर झाले, टर्बो लावून: साधी २ लिटर ३०० हॉर्सपॉवर, एस २.५ लिटर ३५०. ७१८ मध्ये साधीलाच ३८० न्यूटन मीटर टॉर्क आहे, म्हणजे प्रश्न ३ मध्ये एसच्या बाजूने जो मुद्दा होता तो इथे संपतोच. आवाज मात्र दोघींचाही तो नाही, आणि आवाजासाठीच घेत असाल तर ९८१ बघा.

१६. हाच नियम बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना लावला तर चालेल का?

सरसकट नाही. बॉक्सटर एसचं इंजिन म्हणजे साधीचंच इंजिन रुंद केलेलं. ई४६ पिढीच्या एम३ चं इंजिन आणि त्याच पिढीच्या साध्या ३३० चं इंजिन ही वेगळीच प्रकरणं आहेत, ३४३ विरुद्ध २३१ हॉर्सपॉवर, आणि एम३ ला कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग, व्हॉल्व्ह क्लिअरन्सची तपासणी असे स्वतःचे खर्च आहेत. तिथे वरची गाडी सांभाळणं खरंच महाग आहे. म्हणून कुठल्याही गाडीबद्दल आधी हे विचारा की वरच्या मॉडेलचं इंजिन त्याच घराण्यातलं आहे की दुसऱ्या. उत्तर ७ मधला दिलासा फक्त पहिल्या प्रकाराला.

१७. साधी बॉक्सटर आहे पण इंजिन ३.२ चं टाकलंय, मालक म्हणतो "एसच समजा". समजू का?

असे बदल होतात आणि नीट केले तर गाडी मस्त होते, पण एस समजू नका. तीन गोष्टी विचारा: ब्रेक कुठले, गिअरबॉक्स कुठला, आणि इंजिनाचा कॉम्प्युटर ३.२ ला जुळवलाय का. ३.२ चं इंजिन आणि साधीचेच ब्रेक असं बऱ्याचदा निघतं. मग कागद. रजिस्ट्रेशनवरचा इंजिन नंबर आणि इंजिनावर कोरलेला नंबर जुळला नाही तर गाडी नावावर करताना अडकेल आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करतील. ते आलेलं इंजिन किती चाललेलं होतं आणि टाकताना बेअरिंग बदललं का, हेही बिलासकट हवं. एवढं सगळं हातात असेल तर भाव साध्या बॉक्सटरचाच लावा आणि घ्या. पाच गिअरच्या बॉक्सवर ३.२ बसवलेलं असेल तर एकदा चालवून बघाच, दुसऱ्या गिअरमध्ये ते लांबच लांब ओढत राहतं, हसू आवरत नाही.